जुन्या डिझेल पिकअपच्या व्हॅक्यूम लाइनची दुरुस्ती

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतकडच्या रस्त्यांवर क्रेटनी भरलेल्या जुन्या डिझेल पिकअपची वर्दळ वाढते आणि त्याच दिवसांत गॅरेजमध्ये ‘ब्रेक जड झाला’ ही तक्रारही वाढते. अशा वेळी पुष्कळदा सरळ बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचे बळ वाढवणारा ब्रेकचा डबा, बदलला जातो. त्याने फरक पडला नाही तर व्हॅक्यूम पंप बदलला जातो. आणि एवढा खर्च झाल्यावर दोष निघतो तो क्लिपखाली तडकलेल्या एखाद्या रबरी नळीत. भाग बदलण्याचा क्रम नेमका उलटा असायला हवा. आधी नळ्या, मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप), त्यानंतर पंप आणि सर्वांत शेवटी बूस्टर. हाताला पान्याची सवय असलेल्या कोणत्याही चालकाला यातले नळ्यांचे काम घरच्या अंगणात करता येते. ब्रेक ऑइलची लाइन कुठेही उघडली जात नसल्यामुळे या कामानंतर ब्रेकमधली हवा काढण्याचीही गरज नसते.

व्हॅक्यूम येतो कुठून

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवत असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागात, व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. जुन्या डिझेल इंजिनांत बहुधा अशी झडप नसते, म्हणून तिथे व्हॅक्यूमसाठी स्वतंत्र पंप द्यावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. काही इंजिनांत तो कॅमशाफ्टवर किंवा गिअरवर चालतो. पंपाच्या आत फिरणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना वंगण मिळावे आणि फटी बुजाव्यात म्हणून एका बारीक पाइपातून इंजिन ऑइल आत येते आणि ओढून घेतलेल्या हवेसह ते जाड पाइपातून पुन्हा इंजिनात उतरते.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि पेट्रोल गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या त्या सहसा लक्षात येत नाहीत. पहिली अशी की पेट्रोल गाडीत नळी गळू लागली की इंजिन आयडलिंगला थरथरते आणि दोष स्वतःच बोलतो, पण डिझेल गाडीत ब्रेकची नळी निम्मी फाटली तरी इंजिन तितकेच शांत चालते आणि बिघाड कळतो तो थेट पेडलवर. दुसरी अशी की पेट्रोल गाडीत गळती शोधण्यासाठी नळीवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते पाहिले जाते; तो उपाय इथे निरुपयोगी आणि वर धोक्याचा आहे, कारण ओढलेली वाफ सिलिंडरमध्ये न जाता क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, साठते आणि ज्वालाग्राही वाफ तिथे साठणे केव्हाही वाईट. साबणाच्या पाण्याचाही उपयोग होत नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते. मग बुडबुडा येणार कुठून?

पंपापासून निघणारी जाड नळी बूस्टरला जाते आणि तिच्यावर किंवा बूस्टरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. याच नळीवरच्या टीमधून, म्हणजे तीन तोंडांच्या जोडणीतून, बारीक नळ्या फुटतात. गाडीच्या मॉडेलनुसार त्या ईजीआर व्हॉल्व्हला (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी झडप), टर्बोच्या ॲक्च्युएटरला (व्हॅक्यूमने दांडी हलवणारा भाग), तर काही फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबना जातात. बॉनेटच्या आतल्या बाजूला या नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असेल तर कामाला हात घालण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. नकाशा नसेल तर सर्व नळ्यांचे फोटो काढावेत आणि प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी लावून आकडा लिहावा.

पेडल काय सांगतो

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गळ्यातला रुमाल, उपरणे, सैल बाह्या हे सर्व पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर राहील अशी व्यवस्था करावी.

इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबला की बूस्टरमधला शिल्लक व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतो. आता तो दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पायाखाली पेडल किंचित खाली सरकला तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोहोचतो आहे. जराही सरकला नाही तर पंप, नळी किंवा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेले आहे. यानंतर इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबावा. पहिल्यांदा तो खोल जायला हवा आणि पुढच्या प्रत्येक वेळी थोडा वर थांबायला हवा. पहिल्याच दाबाला कडक लागला तर साठा टिकत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा बूस्टर गळतो आहे. तिसरी तपासणी चालू इंजिनावर करायची असते: पेडल दाबून धरावा, तसाच धरून इंजिन बंद करावे आणि तीस सेकंद थांबावे. पेडल हळूहळू पायाला वर ढकलू लागला तर व्हॅक्यूम निसटतो आहे. उलट तो हळूहळू तळाकडे जाऊ लागला, किंवा मुळातच स्पंजासारखा लागत असला, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये आहे आणि या लेखातल्या उपायांनी तो जाणार नाही.

कानाचाही उपयोग करावा. पेडल दाबताना केबिनमध्ये क्षणभर श्वासासारखा आवाज येणे स्वाभाविक आहे, कारण त्या वेळी बूस्टरमध्ये बाहेरची हवा शिरत असते. पाय काढल्यावरही फुसफुस चालू राहिली तर बूस्टरच्या पडद्यावर संशय घ्यावा. बॉनेटखालचा आवाज डिझेलच्या खडखडाटात हरवतो. तिथे हातभर लांब रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांवरून फिरवले की सूं-सूं कुठून येते ते कळते.

गेज लावून गळतीचा माग

अंदाजाने नळ्या बदलत बसण्यापेक्षा एक साधा व्हॅक्यूम गेज घेणे केव्हाही स्वस्त पडते. गेजवर आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये किंवा इंचांत असतात; एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर पारा. नाशिककरांनी इथे एक वजाबाकी लक्षात ठेवावी. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर असतो, तर नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे इथे तो जवळपास ५० मिलिमीटरने कमी भरतो. त्यामुळे मुंबईत ६८० दाखवणारा धडधाकट पंप नाशिकमध्ये ६३० च्या आसपास थांबतो, आणि पुस्तकातला आकडा गाठला नाही म्हणून चांगला पंप भंगारात काढण्याचे कारण नसते.

इंजिन बंद करून पंपाच्या निपलवरून (नळी चढवायच्या तोंडावरून) बूस्टरकडे जाणारी जाड नळी काढावी आणि तिथे थेट गेज जोडून इंजिन गरम आयडलिंगला चालवावे. काटा काही सेकंदांत चढून ६०० च्या वर स्थिरावला तर पंप निर्दोष समजावा. मिनिटभरानंतरही तो ५०० च्या खाली रेंगाळत असेल तर पंपाच्या पट्ट्या झिजल्या आहेत किंवा त्याला ऑइल पुरेसे मिळत नाही. आपल्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर अर्थात तोच प्रमाण मानावा, फक्त वरची वजाबाकी करून.

पंप चांगला निघाला की नळी परत जोडावी आणि टी वापरून गेज बूस्टरच्या टोकाशी लावावा. पंपाशी ६३० आणि बूस्टरशी ४५० असे दिसले तर मधला फरक गळतीने खाल्ला आहे. आता टीमधून फुटणाऱ्या बारीक नळ्या एकेक करून काढाव्यात आणि त्यांच्या निपलांवर घट्ट बसणारी रबरी टोपी लावावी. इंजिन सुरू असताना काटा एका जागी अडकलेला असतो, आणि नेमकी गळकी फांदी बंद केली की तो डोळ्यांदेखत उडी मारून वर जातो. त्या फांदीखेरीज बाकी सर्व नळ्यांना हात लावायचे कारण उरत नाही. सर्व फांद्या बंद करूनही काटा वर गेला नाही तर दोष जाड नळीत, व्हॉल्व्हच्या रबरी बुशात किंवा बूस्टरमध्ये आहे. त्यासाठी इंजिन बंद करावे आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या बूस्टरकडच्या बाजूला गेज ठेवून काटा पाहावा. पंधरा सेकंदांत तो २५ मिलिमीटरहून जास्त उतरला तर बूस्टर किंवा त्याचा बुश गळतो, असा ढोबळ निकष धरावा.

नळी काढणे, निवडणे, बसवणे

कामापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो आणि तिथेच बॅटरीकडून येणारी जाड, सदैव जिवंत वायर असते; पान्याचा तिला आणि बॉडीला एकदम स्पर्श झाला तर ठिणगी पडल्याशिवाय राहत नाही.

जुनी नळी ओढून काढू नये. उष्णतेने ती निपलला चिकटलेली असते आणि ओढाओढीत प्लास्टिकचा निपल मुळाशी तुटतो. आधी ती पिळून जागची हलवावी. हलली नाही तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलावी, मात्र पाते निपलला लागू देऊ नये, कारण निपलवर उमटलेला उभा ओरखडा हीच पुढची गळती होते. बूस्टरवरचा व्हॉल्व्ह रबरी बुशात दाबून बसवलेला असतो. तो हलक्या हाताने फिरवत बाहेर घ्यावा. आत ढकलला गेलेला बुश बूस्टरच्या पोटात पडला तर स्वस्तातले काम महाग होते.

काढलेली नळी फेकण्यापूर्वी चिरून आतून पाहावी. बाहेरून नवीकोरी दिसणाऱ्या नळीचा आतला थर पंपातून येणाऱ्या ऑइलच्या तुषारांनी फुगून सुटलेला असतो आणि तो सुटा पापुद्रा व्हॅक्यूम ओढला की झडपेसारखा वाट बंद करतो. अशी नळी हवेत फुंकून पाहिली तर ठणठणीत वाटते, कारण फुंकर त्या पापुद्र्याला भिंतीशी दाबते. काटा पंपाशी चांगला, बूस्टरशी सावकाश चढणारा, आणि गळती तर कुठेच सापडत नाही, अशा कोड्याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

कांद्याच्या चाळीशेजारी किंवा धान्याच्या शेडमध्ये दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या नेहमी सापडतात. कुरतडलेली जागा बहुधा वरून दिसत नाही, म्हणून नळीच्या खालच्या अंगावरून बोट फिरवून खाच चाचपावी.

बोलेरो नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात तयार होत असल्यामुळे तिचे सुटे भाग शहरात सहज मिळतात आणि साच्यात वळण दिलेली मूळ नळी उपलब्ध असेल तर तीच घ्यावी. इतर गाड्यांसाठी मीटरवर मिळणारी नळी घ्यायची झाली तर जुना तुकडा बरोबर न्यावा आणि आतला व्यास कॅलिपरने मोजून घ्यावा. बाहेरच्या जाडीवर भरवसा ठेवू नये. दुकानदाराला ‘ऑइल सोसणारी व्हॅक्यूमची नळी’ असे स्पष्ट सांगावे. रेडिएटरच्या पाण्यासाठीचे रबर ऑइलने फुगते आणि पारदर्शक प्लास्टिकची नळी बॉनेटखालच्या उन्हाळ्यात मऊ होऊन चपटी होते. रंगीत सिलिकॉनच्या नळ्या दिसायला छान असतात, पण इंजिन ऑइलचा सहवास त्यांना मानवत नाही, म्हणून ऑइलचे तुषार असलेल्या या लाइनवर त्या टाळलेल्या बऱ्या. घेताना अंगठा आणि बोटाच्या चिमटीत नळी दाबून पाहावी. भिंती सहज एकमेकींना टेकल्या तर ती नळी या कामाची नव्हे.

बूस्टरची नळी कधीही मध्ये जोड देऊन वापरू नये, ती अखंडच बदलावी. चिकटपट्टी गुंडाळणे हा तर उपायच नव्हे, कारण ऑइलने तिचा गोंद सुटतो. बारीक नळ्यांना खाचेदार जोडणी चालते. निपलवर सिलिकॉनचा पेस्ट लावून गळती बुजवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्या पेस्टचा सुटलेला कण सोलेनॉइडमध्ये (बारीक नळ्यांतला व्हॅक्यूम विजेने सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेत) ओढला गेला की एका दोषाचे दोन होतात.

नवी नळी कापताना टोक काटकोनात आणि धारदार पात्याने कापावे. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते, म्हणून नळीला थोडी ढील ठेवावी, पण ती लोंबून खोलगट झोका होईल इतकी नको. त्या झोक्यात ऑइल साठते. एक्झॉस्टच्या आणि टर्बोच्या जवळून जावेच लागत असेल तर उष्णतारोधक आवरण चढवावे. क्लिप निपलच्या फुगवट्याच्या आतल्या बाजूला बसवावी आणि रबर तिच्या फटींतून वर येईल इतकी आवळू नये.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तोंडाने तपासता येतो. टोक आधी पुसून घ्यावे. बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा पलीकडे जायला हवी आणि पंपाच्या बाजूने फुंकल्यावर मुळीच जाता कामा नये. काही गाड्यांत तो नळीच्या पोटातच असतो आणि नळीवर बाण छापलेला असतो. तो बाण पंपाकडे हवा. नळी उलटी बसली तर सर्व भाग नवे असूनही ब्रेक पहिल्यासारखाच जड राहतो.

बारीक नळ्या आणि सोलेनॉइड

ईजीआर किंवा टर्बोच्या नळीत गळती असेल तर गाडीची ओढ कमी होणे, काळा धूर, टर्बोला उशीर लागणे अशी लक्षणे दिसतात आणि ब्रेक मात्र पुष्कळदा ठीक असतो. ॲक्च्युएटर तपासायला औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची सुईविरहित सिरिंज पुरते. ती बारीक नळीने ॲक्च्युएटरला जोडून दट्ट्या मागे ओढावा. दांडी सरकायला हवी, आणि दट्ट्या धरून ठेवला तर सरकलेल्या जागीच थांबायला हवी. ती हळूहळू परत येत असेल तर आतला पडदा फाटला आहे.

सोलेनॉइडला सहसा तीन तोंडे असतात: एक व्हॅक्यूम येण्याचे, एक ॲक्च्युएटरकडे जाण्याचे आणि एक बाहेरच्या हवेचे. तिसऱ्या तोंडावर स्पंजाची छोटी गाळणी असते आणि शेतरस्त्यांच्या धुळीने ती चोंदली की ॲक्च्युएटरमधला व्हॅक्यूम सुटत नाही; मग ईजीआर उघडाच राहतो आणि गाडी काळा धूर टाकते. ही गाळणी साफ करायला दोन मिनिटे लागतात, तरी पूर्ण सोलेनॉइड बदललेला पाहायला मिळतो. नळ्या परत जोडताना दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडाची अदलाबदल होणार नाही हे पाहावे.

जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आली असेल तर ईजीआरच्या नळीत बेअरिंगचा छर्रा किंवा खिळा कोंबलेला सापडू शकतो. धुराच्या तक्रारीवरचा तो झटपट तोडगा असतो, पण त्यामुळे गाडीची मूळ प्रदूषण-नियंत्रण रचना मोडते आणि पुढच्या तपासणाऱ्याची दिशाभूल होते. तो काढून मूळ दोषच दुरुस्त करणे योग्य.

नळीत ऑइल सापडले तर

पंपाजवळ ऑइलचा पातळ थर असणे चालते. बूस्टरच्या टोकाशीही काळे ऑइल निघाले तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे आणि इंजिन बंद झाल्यावर बूस्टर पंपातले ऑइल स्वतःकडे ओढतो आहे, असे समजावे. बूस्टरच्या आतले रबर ऑइलने खराब होत असल्यामुळे केवळ व्हॉल्व्ह बदलून भागेल की नाही, हे वरच्या पंधरा सेकंदांच्या तपासणीवर ठरवावे. बूस्टरमध्ये निघालेला द्रव पातळ आणि ब्रेक ऑइलच्या वासाचा असेल, आणि बाहेर कुठेही गळती नसताना ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरत असेल, तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले आहे. हे काम जाणत्या ब्रेक मेकॅनिककडेच द्यावे.

पंप बदलायची वेळ आलीच तर नवा पंप कोरडा फिरवू नये. बसवण्यापूर्वी त्यात चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडावे, ऑइल आणणारा पाइप मोकळा आहे का ते पाहावे आणि परतीच्या पाइपाला मुरड पडलेली नाही याची खात्री करावी. परतीची वाट अडली की पंप ऑइलने तुंबतो आणि ठोके देत लवकरच जातो.

रस्त्यावर आणण्यापूर्वी

पेडलच्या तिन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. त्या नीट उतरल्या तरच गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर रिकामी आणि कमी वेगात चालवून ब्रेक पाहावा. वाशीच्या मार्केटला जायचे आहे म्हणून भरलेल्या गाडीची पहिली चाचणी कसारा घाटात घेणे हा शुद्ध अविचार आहे.

घाटाच्या संदर्भात एक सवय इथेच मोडून काढायला हवी. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर चावी बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आजही आहेत. इंजिन थांबले की पंप थांबतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निर्दोष असला तरी बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांपुरताच असतो, आणि व्हॉल्व्ह गळका असेल तर तेवढाही नसतो. त्यानंतर ब्रेक लागतो, पण केवळ पायाच्या बळावर, आणि मालाने भरलेल्या पिकअपला ते बळ पुरत नाही. उतारावर इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्येच हवी, मग नळ्या कितीही नव्या असोत.

नव्या रबरावर क्लिप पहिल्या काही दिवसांत थोड्या सैल होतात, म्हणून आठवडाभराने इंजिन थंड असताना सर्व क्लिप एकदा पुन्हा तपासाव्यात. त्याच वेळी गेज लावून बूस्टरच्या टोकाशी दिसणारा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला तारखेसह रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी ब्रेक जड वाटला तर तुलनेला आपल्याच गाडीचा आकडा हाताशी असेल.